सिनॅरिओला ‘अंदाज’ म्हणावं का?

प्रश्न : दोन संशोधन गटांच्या एकत्रित ऊर्जा-मॉडेलिंग प्रकल्पाचा सारांश मराठीत करतेय. ‘लो-कार्बन सिनॅरिओ’ला ‘अंदाज’ लिहिलं, तर एका गटाने हरकत घेतली. ‘परिदृश्य’ लिहू? आणि ‘मॉडेल’ला प्रारूप की प्रतिमान?

प्रतिसाद : हरकत रास्त आहे. अंदाज पावसाचा असतो. त्यात अमुक होईल असं कुणीतरी म्हणत असतं. सिनॅरिओत तसं कुणी म्हणत नाही. उत्सर्जनाला एवढी मर्यादा घातली, बॅटरी एवढी स्वस्त झाली असं धरलं, तर मागणी भागवणारी सर्वांत कमी खर्चाची व्यवस्था कोणती, एवढाच हिशेब. ‘मारकल’ आणि त्याच्या पुढचं ‘टाइम्स’ ही आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली अनेक देशांच्या सहकार्यातून घडलेली मॉडेल्स याच जातीची. गृहीतकं बदला, उत्तर बदलतं. ३० वर्षांनी येणारा १०० चा खर्च ५ टक्के वटाव दराने (पुढचा खर्च आजच्या मोलात आणताना दरवर्षी धरायची घट) आज २३ भरतो, १० टक्क्यांनी जेमतेम ६. नुसत्या या एका आकड्यावर सौर की कोळसा हे फिरू शकतं. याला अंदाज कसं म्हणणार?

‘प्रारूप’ मात्र नकोच. प्रारूप आराखडा, प्रारूप यादी म्हणजे कच्चा मसुदा. प्रतिमान चालेल. मी सरळ मॉडेल लिहितो.

प्रतिसाद : परिदृश्य हिंदी वाटतं. ‘शक्यताचित्र’ कसं आहे?

प्रतिसाद : ऐकायला छान, पण ‘शक्यता’ म्हटलं की लोक टक्के विचारतात. परिदृश्यच बरं. माझी तक्रार वेगळीच आहे : ‘ऊर्जा’ आणि ‘वीज’ एकाच अर्थाने वापरू नका. जगाच्या अंतिम ऊर्जावापरात वीज साधारण पाचवा हिस्सा. बाकी बरंचसं वाहनं, भट्ट्या, चुली यांत थेट जळणारं इंधन. एक गट फक्त विजेचं मॉडेल चालवतो आणि दुसरा सगळ्या ऊर्जेचं, तेव्हा तर जपाच. एकाचे तक्ते टेरावॅट-तासांत, दुसऱ्याचे पेटाज्यूलमध्ये (१ टेरावॅट-तास म्हणजे ३.६ पेटाज्यूल). त्यात नैसर्गिक वायूची उष्णता मोजताना धुरातल्या वाफेची धरली की सोडली, यावर सुमारे १० टक्के फरक पडतो. त्या उष्णतेवरून काढलेल्या आपापल्या आकड्याला दोघंही ‘कार्यक्षमता’च म्हणतात, आणि बैठकीत भांडण लागतं.

प्रश्नकर्ती : मग असं लिहू? ‘कमी कार्बनच्या परिदृश्यात २०५० पर्यंत कोळशाची वीज बंद होईल.’

पहिला प्रतिसादक : नाम सुधारलं, क्रियापद राहिलं. ‘होईल’ आला की परिदृश्याचं पुन्हा भाकीत झालं. ‘उत्सर्जनावर ही मर्यादा घातल्यास मॉडेल २०५० पर्यंत कोळशाची वीज बंद करतं’, असं लिहा. कर्ता मॉडेल, काळ वर्तमान, आणि अट वाक्याच्या तोंडालाच.