देलाक्रॉची ‘लिबर्टी’ : तैलरंगातली प्रत मळकट का होते?

प्रश्न
फ्रेंच चित्रकार देलाक्रॉच्या ‘लिबर्टी लीडिंग द पीपल’ची (हातात झेंडा घेऊन लोकांना पुढे नेणारी स्त्रीरूपातली ‘लिबर्टी’, म्हणजे स्वातंत्र्य) प्रत २४×३० इंची कॅनव्हासवर चालू आहे. संदर्भ एका जुन्या पुस्तकातलं छापील चित्र. धूर हिरवट-मळका होतोय, लिबर्टीचा झगा हळदीसारखा भडक, आणि बॅरिकेडवरची (रस्ता अडवायला रचलेल्या ढिगावरची) माणसं एकमेकांत हरवताहेत. काय बदलू?

प्रतिसाद १
कॅनव्हासचं माप उत्तम. मूळ चित्र २६०×३२५ सेंमी, म्हणजे ४:५, तुमचंही तेच. ६ इंची चौकोनांच्या ४ ओळी, प्रत्येकीत ५, असं आखून घ्या.

पुस्तक मात्र बाजूला ठेवा. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयाने व्हार्निशचे आठ थर काढून मे २०२४ मध्ये चित्र पुन्हा लावलं. त्यानंतरचाच फोटो वापरा. झगा आता फिकट करडा दिसतो, त्यावर सोनेरी पिवळे फटकारे. आधी पांढऱ्यात रॉ अंबर (मातकट तपकिरी) घालून करडा लावा, पूर्ण वाळू द्या, मग यलो ऑकरचे (मातकट पिवळ्याचे) सुटे फटकारे मारा. ओल्यावर ओढलात तर पिवळा करड्यात मिसळून गढूळ होईल.

प्रतिसाद २
धुरात काळा वापरत असाल तर हिरवटपणा तिथूनच येतोय. आयव्हरी ब्लॅक निळसर असतो. पिवळा भेटला की हिरवा. त्याऐवजी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीनचा (गडद निळ्याचा) करडा करा, लिबर्टीच्या मागे तोच पांढरा आणि ऑकर घालून उबदार करा. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत जा. क्रम उलटला तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे भेगा पडतात.

प्रतिसाद ३
माणसं हरवतात ती रंगामुळे नाही, उजेड-अंधारामुळे. आधी फक्त बर्न्ट अंबरमध्ये पूर्ण चित्र करा. रचना त्रिकोणी आहे: पायथ्याला मृतदेह, टोकाला झेंडा. गडद आकृत्या उजळ धुरासमोर उभ्या राहिल्या की आपोआप सुट्या होतात. शुद्ध लाल-निळा झेंड्यासाठी राखा. त्याचा पडसाद तिच्या पायाशी गुडघ्यावर असलेल्या माणसाच्या निळ्या सदऱ्यात आणि लाल कमरपट्ट्यात येतो. उजवीकडे दूर नोत्र दाम या पॅरिसच्या चर्चवरचा फ्रेंच तिरंगा अगदी बारीक आणि धूसरच ठेवा, नाहीतर खोली जाते.

आणि मृतदेह घाईत उरकू नका, बऱ्याच प्रती इथेच पडतात. ही १७८९ ची क्रांती नव्हे. फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सने वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य गोठवलं, निवडून आलेली सभा बरखास्त केली, म्हणून २७ ते २९ जुलै १८३० ला पॅरिस रस्त्यावर उतरलं. डावीकडे नुसत्या सदऱ्यातला, एकच मोजा राहिलेला नागरिक. उजवीकडे राजाचे सैनिक. दोन्ही बाजूंचे मेलेले पुढ्यात आहेत आणि ती त्यांच्यावरूनच पुढे येतेय. तिथे डावीकडच्या कातडीला गार, हिरवट छटा द्या, सैनिकांच्या गणवेशाला बोथट करडा-निळा.

सही मूळ चित्रात उजवीकडच्या फळीवर आहे, ती उतरवू नका. कॅनव्हासच्या मागे ‘प्रत’ आणि तुमचं नाव लिहा.