मदत हवी आहे: रेशनच्या थंब पद्धतीवरचा टीवायचा पेपर राष्ट्रीय चर्चासत्रात मांडायचा आहे

दोघी_टीवायबीए

नमस्कार. आम्ही दोघी नाशिकमध्ये अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. पुढच्या महिन्यात शहरातच एक राष्ट्रीय चर्चासत्र आहे, त्यात आमचा पेपर घेतलाय. 10 मिनिटं मांडणी आणि 5 मिनिटं प्रश्न. सत्रात बाकी बहुतेक प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थी आहेत.

विषय: रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा लावायच्या पद्धतीमुळे लाभार्थ्यांना होणारा त्रास. जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका आदिवासी तालुक्यातली 6 गावं, प्रत्येक गावात 20 घरं, एकूण 120. घरं दुकानदाराकडच्या यादीतून निवडली. सर्वेक्षण फेब्रुवारीत केलं. आकडे इथे देत नाही, सादरीकरणाआधी बाहेर देऊ नका असं मॅडमनी सांगितलंय.

अडचणी:
1. सध्याचं शीर्षक 'आधार सक्तीमुळे अन्नसुरक्षेपासून वंचित कुटुंबे' असं आहे. सत्राध्यक्ष यावर धरतील का?
2. काय-स्क्वेअर (दोन गोष्टींत संबंध आहे का ते तपासायची सांख्यिकी चाचणी) लावलाय, पुरेसा आहे का?
3. स्लाइड किती, आणि बोलायचं मराठीत की इंग्रजीत?

नियतन

धरतील, आणि पहिल्याच प्रश्नात धरतील. शीर्षकातले 'मुळे' आणि 'वंचित' हे दोन्ही शब्द तुमच्या माहितीला पेलवणारे नाहीत.

'वंचित' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळतात. पहिली, थंब लागला नाही आणि माणूस मोकळ्या पिशवीने परत गेला. दुसरी, त्याच महिन्यात पुन्हा गेल्यावर धान्य मिळालं. तिसरी, महिना संपला तरी मिळालंच नाही. समजा 120 पैकी 24 घरं पहिल्या खेपेला अडली, त्यातल्या 20 घरांना नंतर मिळालं आणि 4 घरांना मिळालंच नाही. मग अडथळा 20 टक्के घरांना आणि वंचित 3 टक्के घरं. तुम्ही 20 टक्क्यांना वंचित म्हटलंत की पुरवठा खात्याची बाजू माहीत असलेला कुणीही उचलीचा (दुकानातून नेलेल्या धान्याचा) आकडा पुढे करेल आणि अख्खा पेपर पडेल.

पण त्या मधल्या 20 घरांना वाऱ्यावर सोडू नका, तुमचा खरा पेपर तिथेच आहे. दुसऱ्या फेरीची किंमत कोणत्याही सरकारी तक्त्यात नसते. राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर कार्डापुढे दिसते ती झालेली उचल. मशीनसमोर दोनदा उभा राहून परत गेलेला म्हातारा त्या ओळीत दिसत नाही. म्हणून विचारायचं ते असं: किती फेऱ्या झाल्या, पाड्यापासून दुकान किती किलोमीटर, त्या दिवशीची मजुरी बुडाली का आणि किती. ही माहिती दुसऱ्या कुणाकडे नाही.

मग कारणं वेगळी करा. बोट जुळलं नाही, रेंज नव्हती, आधार रेशनकार्डाशी जोडलेला नव्हता, ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) राहिली होती, ज्याचा थंब लागतो तो माणूसच गावात नव्हता. या पाचांवरचे उपाय पाच वेगळे आहेत. बोट घासलेलं असेल तर ओटीपी किंवा डोळ्याचा स्कॅनर. रेंज नसेल तर यातलं काहीच चालत नाही.

एक सरकारी पत्र जवळ ठेवा. आधार नाही किंवा ओळख पटली नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, अशी सूचना केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने 24 ऑक्टोबर 2017 ला राज्यांना दिली आहे. म्हणजे 'सक्ती वाईट आहे का' या वादात न पडता तुम्हाला विचारता येतं: पर्याय कागदावर होता, तो दुकानात वापरला गेला का? हा प्रश्न 120 घरांच्या माहितीवर उभा राहतो.

आकडेमोड

काय-स्क्वेअरबद्दल. ज्या तक्त्यात एखाद्या खान्याची अपेक्षित संख्या 5 च्या खाली जाते तिथे तो वापरू नका, फिशरची अचूक चाचणी (छोट्या आकड्यांनाही चालणारी) घ्या. 'धान्य मिळालंच नाही' या खान्यात ती खाली जाणार हे जवळजवळ नक्की.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमची 120 घरं 120 स्वतंत्र घरं नाहीत. एका गावात एक दुकान, एक मशीन, एक टॉवर. त्या दिवशी रेंज गेली की वीसच्या वीस घरं एकदम अडतात. हिशेब करून दाखवतो. नियतन यांचाच 20 टक्क्यांचा आकडा घ्या. 120 घरं सुटी धरली तर 95 टक्के विश्वास-अंतराल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो) साधारण अधिक-उणे 7 येतो, म्हणजे 13 ते 27 टक्के. आता गावातल्या घरांचं आपसातलं साम्य (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.1 एवढंच धरा. ज्याने 120 ला भागायचं तो गुणक येतो 1 + (20 − 1) × 0.1 = 2.9. म्हणजे 120 घरांची ताकद सुमारे 41 घरांएवढी. अंतराल होतो अधिक-उणे 12, म्हणजे 8 ते 32 टक्के. गावं फक्त 6 असल्यामुळे हेही जरा उदारच आहे.

घाबरायचं काही नाही. तक्ता गावनिहाय दाखवा. सहा ओळी, प्रत्येकी 20 पैकी किती अडली. एका गावात 11 आणि दुसऱ्यात 1 असं निघालं तर ऐकणाऱ्याला चाचणीशिवाय कळतं की गोष्ट बोटाची कमी आणि दुकानाची किंवा टॉवरची जास्त आहे. दशांश चिन्हानंतर दोन आकडे लिहू नका. 120 घरांवर '19.17 टक्के' लिहिलं की जाणकार लगेच मान हलवतो.

पेठरोड

फेब्रुवारी आणि दुकानदाराची यादी, या दोन गोष्टींवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडची कितीतरी घरं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. फेब्रुवारीत तोडणी भरात असते. तुम्ही पाड्यावर गेलात तेव्हा घरी कोण होतं? म्हातारी माणसं आणि पोरं. म्हाताऱ्यांची बोटं जास्त अडतात, म्हणून तुमचा आकडा फुगू शकतो. उलट, कुलूप लावून गेलेल्या घराचं काय झालं ते नोंदलंच नसेल तर तो घटतो. त्यात 'एक देश एक रेशनकार्ड' आहे, म्हणजे आपलं धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातूनही उचलता येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये राज्यांच्या ज्या दोन जोड्यांनी त्याची सुरुवात झाली त्यात महाराष्ट्र-गुजरात ही एक जोडी होती. म्हणजे पाड्यावर 'बंद' दिसणारं घर निफाडच्या दुकानात थंब लावून धान्य उचलत असेल. तुमच्या तक्त्यात ते 'मिळालं नाही' मध्ये गेलं तर चूक होईल.

यादीचा प्रश्न असा की यादीतून ज्यांचं नाव कमी झालं ते यादीत सापडणार कसे? महाराष्ट्राने राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू केला आणि राज्याचा कोटा सुमारे 7 कोटी लोकांचा ठरला. ग्रामीण 76.32 टक्के, शहरी 45.34 टक्के, आणि पाया 2011 च्या जनगणनेचा. नंतर विभक्त झालेली, नवीन लग्नाची घरं कोट्यात बसेनात म्हणून बाहेर राहतात. त्यांना थंबचा त्रासच नाही, कारण मशीनपर्यंत पोचायला कार्डच नाही. हा दोष लपवू नका. 'आमचा अभ्यास यादीत असलेल्यांपुरता आहे' हे दुसऱ्या स्लाइडवर सरळ लिहा.

दोघी_टीवायबीए

कुलूप असेल तिथे आम्ही शेजारचं घर घेतलं होतं. आणि प्रश्नावलीत 'थंबमुळे अडचण आली का' आणि 'धान्य मिळाले का' एवढेच हो-नाही प्रश्न आहेत. फेऱ्या विचारल्या नाहीत. आता काही करता येईल का? फोन नंबर बहुतेकांचे आहेत.

नियतन

येईल. सगळ्यांना नको, ज्यांनी 'अडचण आली' सांगितलं तेवढ्यांनाच फोन करा. चार प्रश्न: फेऱ्या किती झाल्या, कारण काय सांगितलं, शेवटी मिळालं का, मजुरी बुडाली का. संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा कुणी उचलणार नाही. फोनवरही संमती विचारा आणि वहीत तसं लिहा. जे लागले नाहीत ते 'संपर्क झाला नाही' म्हणून वेगळे दाखवा, 'नाही' मध्ये ढकलू नका. कुलूपबंद घरं किती होती आणि ती बदलली, हेही आकड्यासकट सांगा.

फोन करतच आहात तर पाचवा प्रश्न घाला: कार्डावर युनिटं (माणसं) किती आणि हातात किती किलो पडले? प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला (सर्वांत गरीब घरांच्या कार्डाला) घरामागे 35 किलो. सहा युनिटांच्या प्राधान्य कार्डाला 30 किलो यायला हवेत. पावतीवर 30 आणि पिशवीत 27 असेल तर? अंगठा फक्त माणूस तोच आहे एवढं सांगतो, वजनकाटा कुठे थांबला ते नाही. झारखंडच्या रेशनवर ज्याँ द्रेज आणि रितिका खेरा या अर्थशास्त्रज्ञांनी हाच मुद्दा लावून धरलाय. ज्या गळतीसाठी मशीन आणलं तिचा मोठा भाग वजनातला असेल तर मशीन तिथे पोचतच नाही. दोन वाक्यांत सांगा, पण सांगाच.

सत्र_दुसरे

मांडणीबद्दल. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण 110 शब्द होतात. दहा मिनिटांना 1,100. तुमचा पेपर 4,000 शब्दांचा असेल तर तीन चतुर्थांश घरी ठेवायचाय. 8 स्लाइड बास: प्रश्न, मर्यादा आणि नमुना, सुधारणा काय होती, गावनिहाय तक्ता, कारणं, फेऱ्या आणि मजुरी, वजन, शिफारस. कायद्याचा इतिहास एका मिनिटात उरका, समोरच्यांना तो पाठ असतो. जास्तीत जास्त वेळ चौथ्या आणि सहाव्या स्लाइडवर द्या.

बोला मराठीत, आयोजकांची हरकत नसेल तर. स्लाइडवरचे आकडे आणि तक्त्यांचे मथळे इंग्रजीत ठेवा, बाहेरच्या राज्यातल्यांना तेवढं पुरतं. 'थंब लागत नाही' हे लाभार्थ्यांचे शब्द जसेच्या तसे ठेवा. त्याचं 'बायोमेट्रिक प्रमाणीकरणातील विफलता' करून बोललात तर सभागृह झोपेल.

फॉन्ट. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलं असेल तर हॉलमधल्या संगणकावर अक्षरांचा चिखल होतो. सगळं युनिकोडमध्ये करा आणि पीडीएफही न्या. अक्षर 28 पॉइंटच्या खाली नको, देवनागरीच्या मात्रा मागच्या रांगेतून दिसत नाहीत.

फोटो. रेशनकार्डाचा फोटो लावायचा मोह होतो. त्यावर 12 अंकी नंबर, घरातल्या सगळ्यांची नावं, वयं असतात. लावू नका. गावाचं नावही नको. गावात एकच दुकान असतं, म्हणजे गाव सांगितलं की दुकानदार सांगितलाच. गाव क, गाव ख असं लिहा.

हमखास येणारे प्रश्न:

'मशीन यायच्या आधी काय होतं?' आठ वर्षांपूर्वीची आठवण विचारून तुलना करू नका. शिवाय 1 जानेवारी 2023 पासून धान्य मोफत झालं, त्याआधी तांदूळ 3 आणि गहू 2 रुपये किलो होता. त्यामुळे 'आधी-नंतर'मध्ये किमतीचाही बदल मिसळतो. सरळ सांगा: आधीची तुलना आमच्याकडे नाही, म्हणूनच आम्ही 'मुळे' म्हणत नाही.

'मग थेट पैसेच का देऊ नयेत?' राज्याने 2023 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये द्यायचं ठरवलं होतं. नाशिक त्यात नाही. पैशाच्या पद्धतीतही आधार आणि बँकेची पायरी येतेच, एवढंच बोला आणि थांबा. तुमच्या माहितीत त्याचं उत्तर नाही.

'सर्वोच्च न्यायालयाने आधार मान्य केलंय ना?' हो, 26 सप्टेंबर 2018 ला आधार कायद्याचं कलम 7 (सरकारी लाभांसाठी आधार मागण्याचं) कायम ठेवलं. तुमचा पेपर कायदेशीरपणावर नाहीच, दुकानातल्या अंमलबजावणीवर आहे. दोघींपैकी एकीने हे उत्तर पाठ करून ठेवा.

दोघी_टीवायबीए

खूप मदत झाली. उद्यापासून फोन करतोय. शीर्षक असं केलं तर?

'थंब लागला नाही तेव्हा: नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्यात रेशनसाठी पडणाऱ्या जादा फेऱ्या आणि त्यांची किंमत'

आकडेमोड

चांगलं आहे. उपशीर्षकात 'सहा गावे, 120 कुटुंबे' घाला. आणि स्लाइडवर बसत नाही म्हणून 'एका' हा शब्द कुणी काढायला सांगितला तर फॉन्ट लहान करा, शब्द काढू नका.