‘साँगरायटर’ला मराठीत काय म्हणावे?

शब्दपांथ

रॉक आणि पॉप संगीतातल्या माझ्या आवडत्या साँगरायटरांवर मी एका दिवाळी अंकासाठी दीर्घ लेख लिहिला आहे. छपाईपूर्वी तपासायची मुद्रिते हाती आली तेव्हा संपादकांनी ‘साँगरायटर’ हा शब्द सगळीकडे खोडून तिथे ‘गीतकार’ असा बदल केलेला दिसला. त्यामुळे ‘जोनी मिचेल या थोर गीतकार आहेत’ असे वाक्य आता लेखात आले आहे, आणि ते वाचताच मराठी वाचक ‘मग संगीतकार कोण?’ असे विचारणार, कारण आपल्याकडे ध्वनिमुद्रिकेवर गीत, संगीत आणि स्वर अशी तीन नावे वेगवेगळी छापण्याची रीत आहे. ‘गीतरामायण’ म्हटले की शब्द गदिमांचे आणि चाली बाबूजींच्या, हे कोणाला सांगावे लागत नाही.

मिचेल यांच्या बाबतीत अशी फोड करताच येत नाही. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांच्या डाव्या हातात पुरेशी ताकद राहिली नव्हती, म्हणून नेहमीच्या पकडी घेण्याऐवजी त्यांनी गिटारच्या तारा निरनिराळ्या पद्धतींनी जुळवल्या, आणि त्यांच्या चाली त्या जुळवणीतूनच आल्या. ‘गायिका-गीतकार’ असे जोडनाव देऊनही अडचण संपत नाही. त्यांचे ‘बोथ साइड्स नाऊ’ १९६७ साली आधी गायिका जुडी कॉलिन्स यांनी ध्वनिमुद्रित केले आणि मिचेल यांचे स्वतःचे गायन १९६९ साली आले. तरीही पहिल्या दिवसापासून त्या गाण्याच्या साँगरायटर मिचेलच होत्या. माझ्या लेखात गायक-संगीतकार एल्टन जॉन यांच्यासाठी शब्द लिहिणारे बर्नी टॉपिनही आहेत. त्यांना ‘गीतकार’ हा शब्द अगदी चपखल बसतो. दोघांना एकच शब्द लावला तर माझ्या लेखाचा मुद्दाच नाहीसा होतो. कृपया पर्याय सुचवावा.

मध्यमग्राम

शब्द आपल्याकडे तयार आहे, आणि तो महाराष्ट्राच्याच भूमीवर लिहिल्या गेलेल्या ग्रंथात आहे. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त शब्दरचनेला ‘मातु’ आणि स्वररचनेला ‘धातु’ म्हटले आहे, आणि जो दोन्ही करतो तो ‘वाग्गेयकार’, अशी व्याख्या दिली आहे. आपल्याला हवा असलेला नेमका अर्थ यात आहे. मिचेल वाग्गेयकार आणि टॉपिन गीतकार, असा भेद करून लेख जसाच्या तसा छापता येईल.

सांजवात

मध्यमग्राम यांच्या व्यासंगाबद्दल आदर आहे, परंतु हा शब्द लेखात वापरू नये असे मला मनापासून वाटते. वाग्गेयकार म्हटले की कर्नाटक संगीतातले त्यागराज, मुथुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री ही नावे डोळ्यांसमोर उभी राहतात, आणि त्यांच्यासोबत देवळाचे आणि उपासनेचे वातावरण येते. न्यूयॉर्कच्या कॅफेत गिटार घेऊन उभ्या राहिलेल्या विशीतल्या बॉब डिलन यांच्यावर ते वातावरण लादणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे आणि शब्दावरही. शब्द हा कोशात असतो म्हणून जिवंत नसतो, तो बोलणाऱ्यांच्या तोंडी असावा लागतो. महाविद्यालयांतली आजची मुले ‘साँगरायटर’ म्हणतात, स्वतःची गाणी स्वतः बांधतात आणि परस्परांना नीट समजतात. तोच शब्द देवनागरीत ठेवावा.

तिठा

मला दोन्ही टोके मान्य नाहीत. ‘गीत’ हे ‘गै’ म्हणजे गाणे या संस्कृत क्रियाधातूचे भूतकाळवाचक विशेषण आहे. त्याचा अर्थ ‘गायलेले’ असा आहे, ‘लिहिलेले’ असा नाही. मध्यमग्राम यांनी आधाराला घेतलेल्या ग्रंथातच गीत, वाद्य आणि नृत्त या तिघांना मिळून संगीत म्हटले आहे, आणि तिथे ‘गीत’ म्हणजे कागदावरची कविता नव्हे, प्रत्यक्ष गायन. कुंभकार जसा माती मळून देऊन घडा दुसऱ्याकडे घडवायला पाठवत नाही, तसा गीतकार म्हणजे गीत अखेरपर्यंत घडवणारा, हा मूळ अर्थ होय. चित्रपटांच्या श्रेयनामावलीने तो अर्धा कापला. संपादकांनी नकळत का होईना, योग्य शब्द योजला आहे. टॉपिन यांना हवे तर ‘गीतलेखक’ म्हणावे.

सांजवात

व्युत्पत्तीने अर्थ ठरत असता तर ‘गवाक्ष’ म्हणजे गाईचा डोळा असे आपण म्हटले असते. शांता शेळके किंवा जगदीश खेबूडकर यांना गीतकार म्हणताना त्यांनी चाली बांधल्या असे कोणाच्याही मनात येत नाही. तीन-चार पिढ्यांनी रूढ केलेला अर्थ एका लेखासाठी उलटवता येणार नाही.

माझ्या आजोबांकडे संगीत नाटकांच्या जुन्या प्रती होत्या. त्यांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात ‘चाल’ असे छापून पुढे एखाद्या जुन्या, लोकांच्या कानावर असलेल्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले असत, आणि नव्या पदाचे शब्द त्या मापात बसवलेले असत. अण्णासाहेब किर्लोस्करांपासून ही रीत चालत आली, आणि त्यांनी ‘पदे रचली’ असे आपण म्हणतो, ‘लिहिली’ असे म्हणत नाही. ‘रचणे’ या क्रियापदात शब्द आणि चाल या दोन्हींना जागा आहे. तत्सम नामच हवे असा हट्ट सोडला, तर ‘मिचेल यांनी रचलेली गाणी’ एवढे लिहूनही काम भागेल.

मांडवीकाठ

गोव्यात हा प्रश्न आम्हाला फारसा पडला नाही. तियात्रात, म्हणजे आमच्या कोकणी संगीत नाट्यप्रकारात, गाण्याला ‘कांतार’ म्हणतात आणि ते सादर करणारा तो ‘कांतारिस्त’. तो बहुतेकदा शब्द स्वतः जुळवतो, चालही स्वतः बसवतो आणि रंगमंचावर उभा राहून गातोही स्वतःच. शिवोलीचे रेमो फर्नांडिस यांनी स्वतःची गाणी स्वतः लिहून, त्यांना चाली देऊन, वाद्येही स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केली, तेव्हा त्यांना काय म्हणावे यावर आमच्या घरी कधी चर्चा झाल्याचे आठवत नाही. ‘रेमोचे गाणे’ एवढे म्हटले की सगळे त्यात येत असे.

मध्यमग्राम

शब्द आणि चाल वेगळी काढली की काय हरवते, हे लेनर्ड कोहेन यांच्या ‘हॅलेलुया’त स्पष्ट दिसते. १९८४ सालच्या या गाण्याच्या पहिल्या कडव्यात बायबलमधल्या दावीद राजाच्या गुप्त स्वरमेळाचा (कॉर्डचा) उल्लेख आहे, आणि तो स्वरमेळ कसा जातो हे कवी शब्दांतच सांगू लागतो. ‘चौथा’ हा शब्द येतो तेव्हा साथीचा मेळ षड्जापासून चौथ्या स्वरावर, म्हणजे मध्यमावर जातो. ‘पाचवा’ म्हणताच पंचमावर. उतरत्या कोमल मेळाचा उल्लेख होतो त्या क्षणी धैवतावरचा उदास मेळ वाजतो आणि उचलण्याचा उल्लेख होताच मध्यमावरचा प्रसन्न मेळ परत येतो. शब्द स्वतःच्याच चालीचे वर्णन करत आहेत आणि चाल त्याच क्षणी ते खरे करून दाखवत आहे. १९५६ साली कोहेन यांचा पहिला कवितासंग्रह आला तेव्हा ते कवी होते. हे कडवे मात्र केवळ कवीला लिहिता आले नसते आणि केवळ संगीतकाराला सुचले नसते. अशा माणसासाठी सातशेहून अधिक वर्षांपूर्वी घडवलेला शब्द आपण धूळ खात का ठेवावा?

सांजवात यांनी सांगितलेल्या ‘चाली’च्या रीतीलाही शार्ङ्गदेवाकडे नाव आहे. दुसऱ्याच्या धातूवर स्वतःचा मातु बसवणाऱ्याला तो ‘कुट्टिकार’ म्हणतो.

निषाद

ही चर्चा वाचताना एक प्रश्न पडला. डिलन यांच्या ‘ब्लोइन इन द विंड’ची चाल ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या गुलामगिरीच्या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या गीतावरून घेतली आहे, आणि हे डिलन यांनी स्वतः सांगितलेले आहे. मग मध्यमग्राम यांच्या मोजपट्टीने ते कुट्टिकार ठरतात काय?

मध्यमग्राम

त्या एका गाण्यापुरते तसे म्हणता येईल. शार्ङ्गदेवाची प्रतवारी कठोर आहे: शब्द रमणीय असूनही ज्याची स्वररचना मंद, त्याला तो अधम म्हणतो.

तिठा

हीच प्रतवारी मला अमान्य आहे. २०१६ साली महान अमेरिकी गीतपरंपरेत नव्या काव्यात्म अभिव्यक्ती निर्माण केल्याबद्दल डिलन यांना साहित्याचे नोबेल मिळाले, आणि त्या गौरवात ‘परंपरा’ हा शब्द आहे. जुनी धून उचलून तिच्यात नवा प्रश्न भरणे हा त्या परंपरेचा गाभा आहे. त्याला कनिष्ठ ठरवणारी परिभाषा आपण स्वीकारली, तर आपल्या शाहिरांचे आणि भारूडकारांचे काय करणार?

शब्दपांथ

सर्वांचे आभार. मुद्रिते परवा परत करायची आहेत, त्यामुळे मुख्य प्रश्नाकडे पुन्हा लक्ष वेधतो. तूर्त ‘साँगरायटर’ ठेवून पहिल्या उल्लेखापाशी एका वाक्यात अर्थ स्पष्ट करावा, की ‘वाग्गेयकार’ योजून तोच खुलासा करावा? ‘बीटल्स’चे पॉल मॅकार्टनी यांच्या परिच्छेदाबाबतही मत हवे आहे. ‘यस्टरडे’ची चाल त्यांना आधी सुचली आणि शब्द सापडेपर्यंत ते ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ असे तात्पुरते बोल घालून ती गात होते.

मध्यमग्राम

मॅकार्टनी निःसंशय वाग्गेयकार. कुट्टिकाराच्या व्याख्येत ‘अन्य’, म्हणजे दुसऱ्याचा, धातु म्हटले आहे, आणि इथे धातु त्यांचाच आहे; मातु आधी की धातु आधी, याला महत्त्व नाही.

निषाद

मग लोकगीताची चाल ‘अन्य’ कशी? ज्या धुनेचा कर्ता कोणालाच ठाऊक नाही ती सर्वांची असते, आणि म्हणून डिलन यांचीही असते. कुट्टिकार हा शब्द त्यांना लागू होत नाही.

सांजवात

कर्ता ठाऊक नाही याचा अर्थ कर्ता नव्हताच असा होत नाही. लिलावाच्या ओट्यावर विकल्या गेलेल्या माणसांनी ते गीत बांधले, आणि त्यांची नावे लिहून ठेवण्याची कोणी तसदी घेतली नाही. ज्यांची नावे पुसली गेली त्यांची चाल बेवारस समजून वाटून घ्यायला माझी तयारी नाही. शब्दपांथ यांनी डिलन यांच्यासाठी कोणताही शब्द योजावा, परंतु त्या गाण्याचा उल्लेख येईल तिथे जुन्या पुस्तकांप्रमाणे चालीचे नावही द्यावे.

तिठा

चालीचे नाव द्यावे, याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. ‘गीतकार’ या शब्दाबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.