सल्ला हवा: पीएस५ डिस्कवाला घ्यावा की बिनडिस्कचा? घरी २३ डिस्क आहेत

पाचोरेकर
नमस्कार मंडळी. माझा पीएस४ (सोनीचं प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) साडेसात वर्षं चालला आणि गेल्या महिन्यात बंद पडला. दुरुस्तीवाल्याने दोनदा उघडला, शेवटी बोर्ड गेलं म्हणाला. आता पीएस५ घ्यायचाय. डिस्कवाल्यात गेमची डिस्क घालता येते, बिनडिस्कच्यात प्रत्येक गेम नेटवरून उतरवावा लागतो. जळगावला दोन दुकानं फिरलो, दोन्हीकडे एकच बोलणं: "बिनडिस्कचा घ्या, डिस्क आता कोणी विचारत नाही, आम्हीही मागवत नाही." याच दुकानात पूर्वी काचेच्या कपाटात निळ्या खोक्यांच्या तीन रांगा असायच्या. आता तिथे इअरबड आणि मोबाइलची कव्हरं लागली आहेत.

घरात पीएस४च्या २३ डिस्क आहेत. निम्म्या तरी अदलाबदलीतून आलेल्या. भुसावळचा एक मित्र चाळीसगावला अपडाऊन करायचा. गाडी पाचोऱ्याला दोन मिनिटं थांबायची. मी प्लॅटफॉर्मवर उभा असायचो, तो खिडकीतून 'गॉड ऑफ वॉर' द्यायचा, मी 'होरायझन' द्यायचो, की गाडी सुटलीच. आम्ही चौघे होतो. एकाने गेम घेतला की तो चौघांचा व्हायचा. बिनडिस्कचा घेतला तर हे सगळं संपेल, याचं फार वाईट वाटतंय.

तर सांगा, डिस्कवाल्यासाठी जास्तीचे पैसे घालावेत का? खान्देशात राहून तुम्ही डिस्क कुठून मिळवता? आणि या २३ चं काय करू?

रावेरचा_केळीवाला
डिस्कवालाच ली ले भो, डोळे झाकून. पीएस४च्या डिस्क डिस्कवाल्या पीएस५ वर चालतात. बिनडिस्कच्यात त्या घालायला जागाच नाही, मग तुझ्या २३ च्या २३ नुसती शोभेची खोकी.

धुळेकरीण
पाचोरेकर, आधी हिशेब सांगते. स्लिम, म्हणजे नंतर आलेला सडपातळ पीएस५ एप्रिल २०२४ ला भारतात आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल, म्हणजे बिनडिस्कचा, ४४,९९० होता. म्हणजे तेव्हा फरक दहा हजारांचा होता. आजचा भाव दुकानात विचारून घ्या. सोनीचा मोठा नवा गेम ४,९९९ ला येतो. मी तो घेते, दीड-दोन महिन्यांत संपवते आणि ३,२०० च्या आसपास विकते. म्हणजे मला तो १,८०० ला पडला. असे तीन गेम विकले की तो दहा हजारांचा फरक जवळपास निघाला. डिजिटल घेतलेला गेम आवडला नाही, संपला, कंटाळा आला, तरी तो विकता येत नाही की भावाला देता येत नाही.

दुसरं, नेट. धुळ्यात माझ्याकडे ४० एमबीपीएसची लाइन आहे. १०० जीबीचा गेम उतरवायला साडेपाच तास लागतात, तेही लाइन मध्ये गेली नाही तर. गावाकडे माझा मावसभाऊ मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर आहे. त्याने तोच गेम उतरवायचा तर ५० दिवस! त्याच्यासाठी डिस्क हाच गेम मिळवण्याचा एकमेव मार्ग आहे, हे कंपन्यांच्या लक्षात कसं येत नाही?

तिसरी गोष्ट मालकीची. ऑनलाइन दुकानाच्या पानावर 'विकत घ्या' असं बटण असतं, पण हातात येतो तो फक्त वापराचा परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल विक्री करताना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. 'स्कॉट पिलग्रिम'चा गेम २०१० ला फक्त डिजिटल आला, २०१४ च्या डिसेंबरात दुकानांतून काढला गेला आणि थेट २०२१ च्या जानेवारीत परत आला. मधली सहा वर्षं नव्याने घेणाऱ्याला तो कुठेच मिळत नव्हता, कारण डिस्कच नव्हती.

जळगाव_फायबर
मी डिजिटल घेतलाय, तीन वर्षं झाली, त्यामुळे दुसरी बाजूही सांगतो. माझ्याकडे २०० ची लाइन आहे. सेल लागला की वर्षभरापूर्वी आलेले गेम निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. डिस्क बदलायला उठावं लागत नाही. एकट्याने खेळणारा, घाई नसणारा, नेट चांगलं असणारा माणूस असेल तर डिजिटल वाईट नाही.

पण पाचोरेकर, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुमच्याकडे साठा आहे, मित्र आहेत. तुम्ही डिस्कवालाच घ्या. मलाही एका गोष्टीची चुटपुट आहे. पुतण्या सुट्टीत आला होता, जाताना म्हणाला, "काका, हा गेम घेऊन जाऊ?" त्याला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

पाचोरेकर
ताई, हिशेब पटला. दादा, पुतण्याचं वाचून गलबललो. आणखी एक विचारतो. डिस्क घेतली म्हणजे गेम आपला, असं अजून धरून चालावं का?

धुळेकरीण
सरसकट नाही, आणि इथेच सावध राहायचं. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास माल होता, बाकी सगळं नेटवरून उतरवायचं. निन्टेन्डो कंपनीच्या स्विच २ या गेमच्या यंत्राला 'गेम-की कार्ड' नावाचा प्रकार आहे. कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते. निदान तसं खोक्यावर पुढेच छापलेलं असतं आणि कार्ड दुसऱ्याला विकता येतं. 'द क्रू' तर डिस्कवर होता, पण कायम ऑनलाइन. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही गेम गेला. त्यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात दहा लाखांवर सह्या जमल्या.

म्हणून घेण्याआधी 'डझ इट प्ले' या साइटवर गेमचं नाव टाकून बघा. तो डिस्कवरून, नेटशिवाय, शेवटपर्यंत चालतो का हे तिथले लोक स्वतः खेळून लिहितात. एकट्याने खेळायच्या मोठ्या गोष्टीवाल्या गेमांपैकी बरेच अजून पूर्ण डिस्कवर येतात. पैसे त्यांच्यावर घाला.

आणि एक राहिलं. स्लिमचा ड्राइव्ह, म्हणजे डिस्क घालायचा भाग, सुटा होणारा आहे. पहिल्यांदा जोडताना नेट लागतं. घरी आणल्या दिवशीच ते उरकून टाका.

भुसावळ_जंक्शन
उशिरा आलो. माझं भुसावळला गेमचं दुकान होतं. आधी पीएस२ तासावर द्यायचो, नंतर डिस्क भाड्याने. २०१८ ला बंद केलं. त्यामुळे जळगावच्या दुकानदारावर रागावू नका. एका नव्या डिस्कमागे मला शंभर-दीडशे सुटायचे आणि खपली नाही तर चार हजार अडकून पडायचे. माझी खरी कमाई जुन्या डिस्कवर होती. चोपड्याहून एक पोऱ्या दर महिन्याला यायचा, एक विकायचा, एक घ्यायचा. म्हणायचा, "डिस्क शे ते पैसा शे." कंपनीला नेमकं तेच नको आहे. डिजिटलमध्ये खोकं नाही, ट्रक नाही, दुकानदाराचं कमिशन नाही, आणि जुन्याचा बाजार तर मुळातच नाही.

आता तुमच्या २३ डिस्कबद्दल, कारण हे कोणी सांगितलं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवल्या तर वाकतील. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, मूळ खोक्यात, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. बोट फक्त कडेला आणि मधल्या भोकाला लागलं पाहिजे. पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून बाहेर सरळ. गोल गोल अजिबात नाही.

आणि हे नीट ऐका. सीडीवर चरा पडला की लोक टूथपेस्ट घासायचे, पॉलिशच्या मशीनवर धरायचे. तुमच्या पीएस४च्या डिस्क ब्लू-रे प्रकारच्या आहेत, ब्लू-रेला ते करू नका. डीव्हीडीचा डेटा पृष्ठभागापासून ०.६ मिमी आत असतो, ब्लू-रेचा फक्त ०.१ मिमी. वर कडक थर दिलेला असतो म्हणून तिच्यावर सहसा चरा पडत नाही, पण तोच थर घासून काढला तर डिस्क गेली. मी स्वतःच्या हाताने सहा डिस्क अशा घालवल्या, तेव्हा समजलं.

जुनी घेताना ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. बारीक रेघा असू द्या. आतल्या कड्याजवळ तडा असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. आणि खोकं उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मला एकाने सीलबंद खोकं दिलं होतं, आत नुसता नेटवरून गेम उतरवायच्या कोडचा कागद.

अमळनेर_नाइट
डिस्क कुठून, हे राहिलंच. नवीन मी ऑनलाइन मागवतो. जुन्यासाठी मुंबईला कोणी जात असेल तर लॅमिंग्टन रोड. नाहीतर ओळखीच्या लोकांत. पीएस४, पीएस५ची डिस्क कुठल्याही देशातली असली तरी चालते, पण डीएलसी (गेमला नंतर जोडायचा जादा भाग) त्याच देशाच्या ऑनलाइन स्टोअरचं लागतं. दुबईहून कोणी आणून देत असेल तर एवढं ध्यानात ठेवा. ज्याला डीएलसी घ्यायचंच नाही त्याने बिनधास्त आणावं.

पाचोरेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, डिस्कवाला. शनिवारी जळगावला जातोय. दुकानात नसेल तर तिथेच बसून मागवायला लावतो.

काल रात्री २३ ही डिस्क काढून ट्यूबलाइटखाली बघितल्या. २१ चांगल्या आहेत. एकीला आतल्या कड्याला तडा आहे. एक भलत्याच खोक्यात निघाली, ती भुसावळच्या मित्राची आहे, २०१९ पासून माझ्याकडे राहिलेली. त्याला फोन केला. अपडाऊन अजून चालू आहे, आता फक्त सकाळची गाडी बदलली. सोमवारी स्टेशनवर देणार आहे.

अमळनेर, चाळीसगाव, भुसावळकडच्या कोणाला अदलाबदलीत यायचं असेल तर इथेच लिहा. यादी उद्या टाकतो.