काकूंचं स्लीव्ह केलं, मग ताईला बायपास कशाला?

नाशिककर_भाऊ:
मंडळी जरा मदत हवीय, वजन उतरवायच्या ऑपरेशनबद्दल (स्लीव्ह आणि बायपास हे त्याचेच दोन प्रकार, हृदयाचा बायपास नाही). मोठी बहीण, वय ४३, वजन १०४, उंची १५९ सेंमी म्हणजे बीएमआय ४१ च्या आसपास, शुगर ९ वर्षांपासून, आता इन्सुलिन चालूय. शेजारच्या काकू हिच्यापेक्षा जाड होत्या, त्यांचं नुसतं स्लीव्ह केलं आणि त्या आता मस्त फिरतायत, पण ताईला सर्जन म्हणतात बायपासच करू. घरात लगेच सुरू, बिल फुगवायचे धंदे म्हणून. खरंच तसं असतं का?

ओटीतली_सिस्टर:
दादा, नुसता वजनकाटा बघून ऑपरेशन ठरत नाही. स्लीव्हमध्ये पोटाचा पाऊण भाग किंवा जास्तच कापून काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. बायपासमध्ये वर छोट्या लिंबाएवढी पिशवी ठेवून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यात वजन उतरायच्या आधीच शुगर खाली यायला लागते म्हणून जुन्या डायबेटीसला बरेच सर्जन तिकडे झुकतात (इन्सुलिन सुटेलच असं नाही हां, ९ वर्षं झालीत). ताईंना जळजळ होते का? एंडोस्कोपी झाली?

फक्त_वरणभात:
जळजळीचं विचारलंत ते बरं केलंत. माझं २०१९ ला स्लीव्ह झालं, ३४ किलो उतरले, पण आधीची अ‍ॅसिडिटी इतकी वाढली की रात्री तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायचो, नळी अरुंद मग आतलं प्रेशर वाढतं आणि आंबट पाणी थेट घशाशी. गोळ्यांनी भागेना, शेवटी बायपास करून घेतला तेव्हा थांबलं. चूक माझीच, आधी सांगितलंच नव्हतं, म्हटलं अ‍ॅसिडिटी कुणाला नसते.

नाशिककर_भाऊ:
अरे बापरे, ताईच्या उशाशी ती गुलाबी औषधाची बाटली कायम असते! एंडोस्कोपी झालीय, रिपोर्टात हायटस हर्निया लिहिलंय, आम्ही म्हटलं ते काहीतरी वेगळं असेल.

ओटीतली_सिस्टर:
हायटस हर्निया म्हणजे पोटाचा वरचा भाग छातीकडे सरकलेला, त्याने जळजळ होते. मग तेच कारण असणार, बिल नाही. आता एक सांगा, गुडघ्यांसाठी पेनकिलर, तंबाखू, मिश्री असलं काही? बायपासनंतर त्याने पिशवी आतड्याला जोडलेली असते तिथे अल्सर (जखम) होऊ शकतो, म्हणून सर्जनला आधी कळायलाच हवं. आणि बी-१२, आयर्न, कॅल्शियम जन्मभर, कंटाळून चालत नाही.

नाशिककर_भाऊ:
मिश्री लावते, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सासूबाई शेजारी बसलेल्या, ही साफ नाही म्हणाली. सोमवारी परत जायचंय, सासूबाईंना औषधं आणायला पाठवतो आणि तेवढ्यात तिलाच सांगायला लावतो.