रील पाहिलं अकरा हजारांनी, सभासद झाले दोन

देवघेव_खिडकी (धागाकर्ती)

नाशिकच्या सिडकोतल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वाचनालयाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. माणसं तीन: मी, अर्धवेळ लिपिक आणि आमचे शिपाईमामा. गेलं वर्षभर फोन हातात घेऊन जे उद्योग केले त्यांचा हिशेब मांडते. मग भांडा खुशाल.

पहिला उद्योग फेसबुक आणि इन्स्टाचा. नव्या पुस्तकांची खोकी आली त्या दिवशी एक रील केलं. मामा सुतळी कापतायत, मी पुस्तकांवर शिक्के मारतेय, बाहेर पाऊस. अकरा हजार लोकांनी पाहिलं. त्या महिन्यात नवे सभासद झाले दोन, त्यातला एक मामांचा भाचा. "लहानपण आठवलं" असं लिहिणारे बहुतेक पुण्यात, नाहीतर अमेरिकेत.

दुसरा उद्योग यादीचा. आमची यादी संगणकावर होती, पण फार पूर्वी कुणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. गूगल शीटमध्ये चिकटवली की कीबोर्डवरून मांजर चालून गेल्यासारखी दिसायची. युनिकोड करणारं कन्व्हर्टर लावलं तर रफार एकीकडे, जोडाक्षरं दुसरीकडे. शेवटी दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात लिहितो ती) मांडीवर घेतली आणि रोज चाळीस-पन्नास नोंदी हातानं टाइप केल्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, स्कॅन केला की माहिती आपोआप भरणारी अ‍ॅप्स आहेत म्हणे. आमच्या निम्म्याअधिक जुन्या पुस्तकांवर आयएसबीएनच नाही, स्कॅन काय कपाळ करणार! आता साडेचार हजार पुस्तकं त्या शीटमध्ये आहेत.

तिसरा उद्योग व्हॉट्सअ‍ॅप. सभासदानं शीट बघायची, दाखल क्रमांक पाठवायचा, मी पुस्तक काढून नावाची चिठ्ठी लावून खिडकीशेजारच्या रॅकवर ठेवते. दोन दिवस थांबते, मग परत जागेवर.

माझं मत असं की रील बंद करावं आणि चिठ्ठ्या चालू ठेवाव्यात. कार्यकारिणीतल्या एका सदस्यांचं बरोबर उलटं. रील चारचौघांना दाखवता येतं, चिठ्ठीचं काय दाखवणार?

जुना_सभासद

दोन्ही बंद करा.

हल्ली खिडकीशी उभं राहिलं की समोरच्याचा भांग दिसतो, तोंड दिसत नाही. नाशकात सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून आहे. तेव्हापासून लोक पायी आले, पुस्तक घेऊन गेले. माझ्या तरुणपणी पुस्तक परत घेताना ग्रंथपाल विचारायचे, "शेवट पटला का?" नाही म्हटलं की आतून दुसरं काढून आणायचे. तुमची शीट विचारणार आहे का, शेवट पटला का म्हणून?

आणि तुम्ही माणसाचं कपाटापर्यंत जाणंच बंद करताय. हवं होतं ते बाहेर गेलेलं, म्हणून शेजारचं उचललं आणि तेच आयुष्यभर पुरलं, असं माझं निदान चार वेळा झालंय.

शिफ्ट_बदली

काका, पाय आम्हालाही आहेत. फक्त ते दुपारी साडेतीन ते रात्री बारा अंबडला मशीनपुढे असतात.

वाचनालय सकाळी साडेआठ ते साडेअकरा, संध्याकाळी साडेचार ते आठ. सेकंड शिफ्ट करून दीडला झोपणारा माणूस आवरून पोचतो सव्वाअकराला. मामांनी तोवर खिडक्या लावायला घेतलेल्या असतात. त्या पंधरा मिनिटांत कपाटापुढे उभं राहून शेजारचं पुस्तक भेटायची वाट बघू? लागोपाठ तीनदा हात हलवत परत आलोय, पुस्तक बाहेर, पुस्तक बाहेर, पुस्तक बाहेर. आता रात्री जेवणाच्या सुट्टीत शीट बघतो, नंबर टाकतो, सकाळी घेऊन जातो.

(ताई, ओळखलंत ना? चिठ्ठीवर माझ्या आडनावातला 'ळ' तुम्ही दर वेळी 'ल' करता.)

जुना_सभासद

तुमची अडचण मान्य. पण अपवादासाठी नियम बदलत नाहीत.

शिफ्ट_बदली

रात्री बाराला अंबडच्या किंवा सातपूरच्या कुठल्याही गेटवर या आणि अपवाद मोजा.

पेटी_आठवते

"लोक पायी आले" हे नाशिककरानं म्हणावं म्हणजे कमाल आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं ते इथेच. पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या दारापर्यंत गेल्या, पुढे परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही. तेव्हा वाचक आळशी होतील म्हणून कुणी गळा काढल्याचं आठवत नाही.

पण काकांच्या बाजूनं एक सांगते. आमच्या सोसायटीत पेटी यायची तेव्हा निवड आमची नसायची. मी जन्मात मागितली नसती अशी पुस्तकं त्या पेटीतून वाचली. शीटमध्ये माणूस आधीच माहीत असलेलंच नाव टाइप करतो. ताई, रोज कुणालाही न मागता एक पुस्तक त्या चिठ्ठीवाल्या रॅकवर ठेवून बघा.

कार्डवाली_बाई

मी महाविद्यालयातली सेवानिवृत्त ग्रंथपाल. फोनवर माझा राग नाही. शीटवर आहे.

एक प्रयोग करा. शीटच्या शोधात 'कुसुमाग्रज' टाका. कविता येतील. नाटकं येणार नाहीत, कारण ती शिरवाडकर नावावर आहेत. आता 'वि. वा.' टाका, मधे जागा सोडून. मग 'वि.वा.' टाका, जागा न सोडता. तीन वेळा तीन वेगळी उत्तरं मिळतील. नाशकातल्या वाचनालयात कुसुमाग्रज अर्धेच सापडावेत यासारखी लाजेची गोष्ट नाही.

कार्ड तालिकेत, म्हणजे खणांतल्या कार्डांवरच्या जुन्या यादीत, आम्ही एक जादा कार्ड घालायचो. त्यावर पुस्तक नसायचं, दाखल क्रमांक नसायचा. फक्त 'शिरवाडकर, वि. वा.' आणि खाली 'हेही पाहा: कुसुमाग्रज'. दुसरं उलट्या बाजूनं. 'पाहा' कार्ड म्हणायचो त्याला. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला सहा महिने दुसरं काहीच करू दिलं नव्हतं, नुसती 'पाहा' कार्डं. तेव्हा चिडायची मी. वाचक कुठल्या नावानं येऊन हाक मारेल हे आधी ओळखून ठेवायचं, एवढंच त्या कार्डाचं काम. ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं: वाचकाचा वेळ वाचवा. तुमची शीट घरबसल्या दिसते म्हणून वेळ वाचल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात वाचक "नाही वाटतं यांच्याकडे" म्हणून फोन बाजूला ठेवतो आणि पुस्तक तुमच्या कपाटात धूळ खातं. हा तोटा तुम्हाला कळतसुद्धा नाही, कारण तो माणूस खिडकीवर आलेलाच नसतो.

कोहा वापरा. ग्रंथालयाची यादी आणि देवघेव सांभाळणारी, १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी केलेली संगणक प्रणाली, मोफत आहे, मराठी युनिकोड चालतं आणि 'पाहा' नोंदींची सोय आहे. नाहीतर एनआयसी या सरकारी संस्थेचं तसंच ई-ग्रंथालय बघा.

देवघेव_खिडकी

बाई, आत्ता खिडकीवरूनच लिहितेय. 'कुसुमाग्रज' टाकलं, एकही नाटक आलं नाही. मामा मागे उभे होते, म्हणाले, "अहो, पण त्या कपाटात तर आहेत की!"

'इतर नावं' असा रकाना आजच वाढवला. टोपणनावं, जोडलेली आणि सुटी आद्याक्षरं, ऱ्हस्वदीर्घाच्या नेहमीच्या चुका, सगळं त्यात कोंबणार. कोहाबद्दल वाचलंय. प्रणाली मोफत, पण ती चालवायला सर्व्हर लागतो, बॅकअप घ्यावा लागतो आणि बंद पडली की कुणाला तरी बोलवावं लागतं. शीट बिघडली तर मी निस्तरू शकते. कोहा बिघडलं तर मी फक्त हात जोडू शकते.

कोड_आणि_कटिंग

मी सॉफ्टवेअरवाला, तरी उत्साहात नाही. तीन प्रश्न. शीटची लिंक असलेला कुणीही ती बदलू शकतो का? कुठलं पुस्तक कोणाकडे आहे हे तिथे दिसतं का? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही ग्रुप केलाय की काय?

ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. वाचनालयाच्या खिडकीवर सभासदांची फोनयादी टांगाल का? तसंच आहे हे. वाचनाची नोंद तर त्याहून नाजूक. कोण काय वाचतंय यावरून माणसाच्या घरात काय चाललंय ते कळतं.

देवघेव_खिडकी

पहिल्याचं उत्तर नाही, फक्त बघता येते. दुसऱ्याचं, आता नाही. तिसऱ्याचं, ग्रुप होता.

'आता' आणि 'होता' का, तेही लिहिते, नाहीतर हा सगळा धागा खोटा ठरेल. मार्चमध्ये वार्षिक मोजणीच्या आधी थकीत पुस्तकांची यादी मी ग्रुपवर टाकली. नाव, पुस्तक, किती दिवस. पूर्वी आम्ही असली यादी फळ्यावर लावायचो, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एका सभासद बाईंच्या नावापुढे घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक होतं. ग्रुपमध्ये त्यांच्या जाऊबाईही होत्या. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, पुस्तक खिडकीवर ठेवलं, अनामत परत मागितली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी "सॉरी" म्हणाले, त्या "पावती द्या" म्हणाल्या.

फळ्यावरची यादी वाचायला निदान जिना चढून यावं लागायचं. ग्रुप त्याच दिवशी बंद केला.

जुना_सभासद

यावर मी काही बोलत नाही. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

कोड_आणि_कटिंग

ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. प्रत्येकाला निरोप वेगळा जातो, एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मेख एवढीच की तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो, आणि एका यादीत २५६ जण. सेव्ह करून घ्यायचं काम सभासद होतानाच खिडकीवर उरका. 'नवीन पुस्तकं आली' वगैरेसाठी व्हॉट्सअ‍ॅपचं चॅनेल पुरे. आणि थकीतचा निरोप फक्त ज्याचा त्याला, तोही पुस्तकाचं नाव न लिहिता. कुटुंबात एक फोन चौघं बघतात.

अभ्यासिका_टेबल_७

मला ते रील आवडलं होतं, त्यावरूनच मी आलो. म्हणजे तो दुसरा सभासद मीच. भाचा नव्हे.

एक मागणी: ग्रुप नाही तर नाही, चॅनेलवर पीडीएफ टाका ना. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं सगळीकडे फिरतायतच.

कार्डवाली_बाई

फिरतायत म्हणून आपण फिरवायची? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांच्या कविता केव्हाच मोकळ्या झाल्या, खुशाल वाटा. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत थांबायचं. तुमच्या परीक्षेच्या पुस्तकाचे लेखक तर बहुधा अजून क्लास घेतायत. त्यांचं पुस्तक ग्रंथपालानंच फुकट वाटलं तर उद्या तो विकत कशाला घेणार, आणि प्रकाशक दुसरी आवृत्ती कशाला काढणार?

मोकळं झालेलं जुनं साहित्य मराठी विकिस्रोतावर आहे, तिथल्या लिंका द्या. ते खरं ग्रंथपालाचं काम.

दिंडोरीकडचा

सगळं वाचलं. मीही ग्रंथपाल, 'ड' वर्ग म्हणजे सर्वांत लहान वर्गातलं वाचनालय, शिपाई मीच, लिपिक मीच. शहरातल्या ताईंना एकच विचारतो. हा फोन कुणाचा?

वाचनालयाचा असेल तर अभिनंदन. माझा आहे तो माझा. नंबर माझा, रिचार्ज माझं. सभासद रात्री दहाला विचारतात, "उद्या उघडं आहे का?" कार्यकारिणीला वाटतं ऑनलाइन म्हणजे फुकट. पूर्वी कुलूप लावलं की मी घरी जायचो. आता वाचनालय माझ्या खिशात घरी येतं, जेवायला बसतं. बाई म्हणतात वाचकाचा वेळ वाचवा. वाचवू. माझा कुठून आणायचा तेवढं सांगा.

रील बंद करा की चालू ठेवा, मला फरक पडत नाही. दोन्ही करणार तोच माणूस आहे.

शिफ्ट_बदली

सर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रात्री नऊला नंबर टाकतो तेव्हा ताई घरी स्वयंपाक करत असतील.

देवघेव_खिडकी

भाकऱ्या. आणि हो, टाकत जा, मी सकाळीच बघते.

काय ठरवलंय ते लिहिते. रील महिन्याला एकच, तेही टेबल ७ ला वेळ असेल तर त्यानं करावं. यादीत 'पाहा' रकाना. ग्रुप नाही. रॅकवर न मागितलेलं एक पुस्तक ठेवायला आजपासून सुरुवात केली. काका सकाळी येऊन ते उलटसुलट करून बघून गेले, घेतलं नाही.

दिंडोरीचे सर, फोन माझाच आहे. वाचनालयाच्या नावावर वेगळं सिमकार्ड घ्या, मामांच्या टेबलावरच्या जुन्या फोनमध्ये घालू, असा अर्ज कार्यकारिणीकडे दिलाय. पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. सोमवारी आमचं वाचनालय बंद असतं. काल सोमवार होता. सात मेसेज आले, मी पाचांना उत्तर दिलं.