उतार खालच्याने कापला, दरड वरच्याची पडली. भिंत कोणी घालायची?

कलमवाला
मंडळी, रत्नागिरी तालुक्यात आमचं घर उतारावर आहे, वडिलांनी बांधलेलं, आणि घराच्या खालच्या अंगाला हद्दीपर्यंत कलमं न् कडेला जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण. खालची जागा मुंबईच्या एका काकांनी घेतली आणि चार वर्षांपूर्वी एप्रिलात जेसीबी लावून जोत्यासाठी उतार सरळ उभा कापला, नऊ फूट, तो पण आमच्या गडग्याच्या मुळाशी येईपर्यंत. तेव्हाच मी सांगितलं होतं काका पावसाआधी भिंत घाला, तर म्हणाले कातळ आहे काही होत नाही. कातळ वरचा दोन-तीन फूटच, खाली सगळी मऊ पिवळी माती, भिजली की हाताला लोण्यासारखी लागते. यंदा आषाढात वीस फूट गडगा आणि फळ धरणारी दोन कलमं त्यांच्या मागीलदारी जाऊन पडली. आता ते म्हणतात माती तुमची, गडगा तुमचा, भिंत तुम्हीच घाला. उरलेला भाग पण सुटलाय म्हणून साठ फूट भिंत घालावी लागेल आणि गवंडी साडेचार लाख सांगतोय. माझं मत स्पष्ट आहे, ज्याने उतार कापला त्याने पूर्ण खर्च करायचा. कोणाला पटत नसेल तर का ते सांगा.

पायथ्याचा
मला नाही पटत. मी खालचा शेजारी आहे, दुसऱ्या गावात. दरवेळी खालच्यालाच दोषी धरतात पण वरचे काय काय करतात ते कोणी विचारत नाही. आमच्या वरच्याने अंगण मोठं करायला ट्रकभर भराव टाकला, पन्हळीचं पाणी सगळं एका पाईपने आमच्या बाजूला सोडलं आणि माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला चीर गेली. मी तर एक घमेलं माती काढली नव्हती. आपल्या जागेत घर बांधायला जोतं सपाट करावंच लागतं, तो काय गुन्हा आहे का? ज्याची माती त्यानेच ती सांभाळायची.

काळाकोट
पायथ्याचा दादा, तुमच्या केसमध्ये तुमचं बरोबर आहे, पण ज्याची माती त्याची भिंत असा सरसकट नियम नाही. १८८२ चा सुविधाधिकार कायदा बघा, कलम ७ खाली उदाहरणं दिलीत. आपल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार असतो तो मिळण्याचा हक्क प्रत्येक मालकाला आहे, त्यासाठी करार लागत नाही. म्हणजे खालच्याने आपल्याच जागेत खणलं तरी वरच्याची जमीन ढासळता कामा नये. पण (हे कलमवाल्यांनी नीट वाचा) हा हक्क जमीन नैसर्गिक अवस्थेत असेल तोवरच, म्हणजे तुम्ही तिथे खोदलेलं नसावं आणि वरून कृत्रिम भारही नसावा. घराचा वगैरे भार असेल तर त्याच्या आधाराचा हक्क कलम १५ प्रमाणे २० वर्षं विनातक्रार, विनाखंड उपभोगल्यावर मिळतो. त्याच कलम ७ मध्ये हेही आहे की वरचं पाणी नैसर्गिकपणे वाहत येत असेल तर खालच्याने ते येऊ द्यायचं. नैसर्गिकपणे म्हणजे पाईप लावून एका जागी सोडलेलं नव्हे. तर कलमवाले, कडेला तुमचं काही बांधकाम आहे का?

कलमवाला
खरं सांगतो. पाण्याची टाकी आहे, दहा हजार लिटरची, दोन वर्षांपूर्वी बसवली, कडेपासून सात-आठ फुटांवर. पण दरड पडली ती टाकीच्या समोर नाही, दुसऱ्या टोकाला.

पायथ्याचा
बघा! दहा हजार लिटर म्हणजे दहा टन पाण्याचंच वजन, ते उभ्या कापलेल्या कडेवर, कापल्यानंतर ठेवलेलं. आणि हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत? टाकी गळत नाही ना, तिचं वाहून जाणारं पाणी कुठे जातं?

साईटवरचा
मी अशा भिंती घालतो. वजनापेक्षा पाण्याकडे बघा. नऊ फुटांच्या भिंतीमागे पाणी वरपर्यंत तुंबलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण पावणेचार टन रेटा येतो, उंची अर्धी केली तर रेटा चौथाई होतो. म्हणून एक उंच भिंत घालण्यापेक्षा दोन टप्पे पाडले तर बरं. मागे खडी भरायची आणि भिंतीत पाणी बाहेर यायला पाईपचे तुकडे ठेवायचे, हे नसेल तर साडेचार लाखांची भिंत दुसऱ्या पावसात पोट काढते. २०१९ च्या जूनमध्ये पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ माणसं गेली, ती मध्यरात्रीची वेळ होती. तुमच्या खाली मागीलदारी माणसं वावरतात, वाद चालू ठेवून तुम्ही अजून एक पावसाळा काढणार का?
आणि एक गोष्ट कोणीच बोललं नाही. दगडी भिंतीचा तळ उंचीच्या निम्म्याहून जास्त रुंद लागतो, नऊ फुटाला पाच-सहा फूट, ती जागा कोणाची जाणार? माझ्या मते कापणाऱ्याच्याच हद्दीत जावी, कारण कापताना त्याने ती सोडायलाच हवी होती.

परडं
माझं वेगळं मत आहे आणि ते अनुभवातून आहे. आम्ही भिंतीवरून दिवाणी दावा केला, माझे सासरे निकाल बघायला राहिले नाहीत आणि तोवर घरामागचं अर्धं परडं खाली गेलं. आमची चूक शून्य होती तरी आज वाटतं तेव्हा निम्मे पैसे देऊन मोकळं व्हायला हवं होतं.

कलमवाला
ताई, तुमचं दुःख कळतं, पण निम्मे मी देणार नाही. न विचारता कापलं त्यांनी, मग निम्मी चूक माझी कशी? टाकीचं मात्र पायथ्याच्या दादांचं बरोबर आहे, काल बघितलं, तिचं जास्तीचं पाणी थेट कडेला मुरतंय. ती मी माझ्या खर्चाने मागे हलवतोय आणि पागोळीचं पाणी गटार काढून बाजूच्या पऱ्याला (ओढ्याला) नेतोय. हद्द कायम करायला मोजणीचा अर्ज पण भरतो, म्हणजे भिंत कोणाच्या जागेत यावर तरी वाद नको. भिंत त्यांचीच.

पायथ्याचा
टाकी हलवत असाल तर माझा आक्षेप निम्मा गेला. पण काकांना नोटीस पाठवण्याआधी गणपतीत ते येतील तेव्हा समोर बसून बोला, आणि साईटवरचा दादांसारखा कोणीतरी बरोबर न्या.